किटकॅट कोणाच्या खिशात?



विहिरीवरची मोटर बंद पडली, पाणबुडी वर काढायची आहे, केबलला हात घालायचा आहे. अशा वेळी तुम्ही काय करता? स्टार्टरचे लाल बटण दाबले आणि लगेच उघड्या तारेला हात लावला, असे शहाणा माणूस करीत नाही. तो मेन स्वीच पाडतो, किटकॅट उपसून काढतो आणि ती पेटीवर न ठेवता खिशात घालतो. कारण पेटीत ऑटो बसवलेला असतो. थ्री फेज कधी येईल याचा नेम नाही, आली की मोटर आपोआप सुरू होते, मग खाली विहिरीत माणूस असो की बेडूक. लाल बटण ही मोटरला केलेली विनंती आहे. किटकॅट खिशात असणे ही खात्री आहे.

हा फरक ज्याला कळतो त्याला या लेखातला अर्धा भाग आधीच कळलेला आहे. उरलेला अर्धा भाग मोटरचा नाही, तुमच्या सदऱ्याच्या खिशातल्या फोनचा आहे.

फोन ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. २०२१ पासून पीक पाहणी तलाठ्याच्या वहीतून उठून आपल्या फोनवर आली. शेतात उभे राहून फोटो काढायचा आणि तो कोणत्या जागेवरून काढला हे फोनने सांगायचे. एप्रिल २०२५ पासून कृषी खात्याच्या योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा झाला. २०२५ च्या हंगामात कापूस महामंडळाला, म्हणजे सीसीआयला, हमीभावाने कापूस घालायचा तर 'कपास किसान' नावाच्या ॲपवर नोंदणी करा असा हुकूम निघाला. म्हणजे सरकी पेरण्यापासून कापूस विकण्यापर्यंत फोन आलाच. त्या फोनला एक कान आहे, दोन ते चार डोळे आहेत, आपण कुठे उभे आहोत हे उपग्रहावरून ओळखणारे यंत्र आहे आणि हे सारे बाहेर पोचवणारी तार आहे, फक्त ती दिसत नाही. एवढे सगळे खिशात घालून आपण फिरतो. त्याची किटकॅट मात्र आपल्याकडे नाही.

गेल्या हंगामात निवेदन घेऊन मुंबईला निघालेल्या आमच्या गाड्या लोधिवलीला चहाला थांबल्या. लोधिवली हे रायगड जिल्ह्यातल्या खालापूर तालुक्यातले, जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरचे गाव. मुलूख भाताचा, इथे कापूस नाही, ज्वारी नाही. पण कापूसवाल्याने या गावाकडे जरा नीट पाहावे. इथून जवळच पाताळगंगेच्या काठी १९८२ साली रिलायन्सचा पॉलिस्टर धाग्याचा कारखाना सुरू झाला. आपल्या कापसाच्या सवतीचे हे माहेर म्हणायला हरकत नाही. त्याच घराण्याने २०१७ मध्ये पंधराशे रुपये अनामत घेऊन जिओफोन गावोगाव पोचवला. धागा त्यांचा, आता तारही त्यांची. यात आमची तक्रार नाही. स्वस्त फोन आला म्हणून बाजारभाव कळू लागले, हे आम्ही नाकारीत नाही.

तर तिथल्या भातवाल्या शेतकऱ्यांशी गप्पा निघाल्या. त्या भागात जमिनीला गिऱ्हाईक बांधावर येऊन उभे असते. एक वयस्क गृहस्थ म्हणाले, "दादा, घरात जमिनीचा विषय निघाला की दुसऱ्या दिवशी दलालाचा फोन येतो. हा फोन आपले बोलणे ऐकतो काय हो?" आमच्याबरोबरच्या एका कापूसवाल्याने लगेच री ओढली, "भाऊ, मीही बोंडअळीचे बोललो आणि अर्ध्या तासात औषधाची जाहिरात आली."

आम्ही कृषी महाविद्यालयात शिकलो त्यातली एक गोष्ट आजवर उपयोगी पडली आहे. खत घातलेला वाफा एकटा पाहून खताची पारख होत नाही, शेजारी खत न घातलेला वाफा लागतो. बोंडअळीचे बोललात आणि जाहिरात आली, हे लक्षात राहिले. न बोलता किती वेळा आली? बोलूनही किती वेळा आली नाही? त्याची नोंद कोणी ठेवली? ऐन बोंडअळीच्या दिवसांत त्या पट्ट्यातल्या प्रत्येक फोनवर औषधाची जाहिरात येणारच. दलालाचे म्हणाल तर सातबारा आता इंटरनेटवर कोणालाही दिसतो आणि तुमचा नंबर कोणत्या तरी पुतण्याने कोणत्या तरी ॲपला 'संपर्क पाहू दे' म्हणून कधीच देऊन टाकलेला असतो. त्यासाठी फोनने ऐकायची गरज नाही. कंपन्या चोवीस तास ऐकत बसतात असे आम्ही म्हणणार नाही, तसा पुरावा आम्ही पाहिलेला नाही.

पण भावांनो, 'फोन ऐकत नाही' आणि 'फोन ऐकू शकत नाही' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीसाठी दुसऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवावा लागतो. दुसरीसाठी तार तोडावी लागते.

फोनच्या पडद्यावर माइक बंद, कॅमेरा बंद, लोकेशन बंद अशी बटणे आहेत. ॲन्ड्रॉइडच्या २०२१ च्या बाराव्या आवृत्तीपासून माइक आणि कॅमेरा सगळ्या ॲपना एकदम बंद करण्याची सोयही आली. ती वापरावी, चांगली आहे. पण तिचे स्वरूप ओळखा. ते बटण दाबल्याने माइकची वीज तुटत नाही. फोनमधला जो मुख्य कारभारी प्रोग्रॅम आहे, त्याला आपण सांगतो की कोणी माइक मागितला तर देऊ नकोस. माइक जागेवर आहे, तार जागेवर आहे, वीजही हाताशी आहे. सगळी भिस्त कारभाऱ्याच्या इमानावर. आणि कारभारी आपला नोकर नाही, तो कंपनीने पाठवलेला आहे.

कारभारी कसा वागतो याचे दोन दाखले देतो. आयफोनमध्ये २०१७ पासून वरच्या झटपट पट्टीतले वायफायचे बटण बंद केले तर वायफाय पुरते बंद होत नाही. चालू जोडणी तुटते आणि पहाटे पाच वाजता ते पुन्हा जोडण्या शोधू लागते. हाच तो ऑटो! दुसरा दाखला गूगलचा. लोकेशनची नोंद बंद केली तरी दुसऱ्या एका सेटिंगच्या आडून नोंद होतच राहते, असे २०१८ मध्ये अमेरिकेत पत्रकारांनी उघडकीला आणले. नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथल्या चाळीस राज्यांशी तडजोड करून गूगलने ३९ कोटी १५ लाख डॉलर मोजले. ग्राहकाने बटण बंद केले होते, कारभाऱ्याने बंदचा अर्थ आपल्या सोयीने लावला.

हे झाले घरच्या कारभाऱ्याचे. बाहेरचा चोर येऊन कारभाऱ्याच्याच गादीवर बसला तर? २०१९ च्या एप्रिल-मे महिन्यांत तसेच घडले. पेगासस हे इस्रायलच्या एनएसओ कंपनीचे हेरगिरीचे हत्यार. व्हॉट्सॲपवर एक मिस कॉल यायचा, तो उचलला नाही तरी हत्यार फोनमध्ये शिरायचे. जगभरात सुमारे १४०० फोन त्यात सापडल्याचे व्हॉट्सॲपने सांगितले. त्यांतला एक आपल्या नागपूरच्या मानवी हक्कांच्या वकिलाचा होता. एकदा ते आत शिरले की माइक, कॅमेरा, निरोप सारे त्याच्या हाती. मग पडद्यावर 'माइक बंद' लिहिलेले असो नाहीतर नसो. २०२१ मध्ये या प्रकरणाचा पुन्हा गवगवा झाला तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने समिती नेमली. तिने २९ फोन तपासले, पाचांमध्ये काही ना काही घातक प्रोग्रॅम सापडला, पण तो पेगाससच होता असे नक्की म्हणता आले नाही. सरकारने सहकार्य केले नाही, अशी नोंद २०२२ मध्ये न्यायालयात झाली.

आता किटकॅटकडे येऊ. फोनला खराखुरा खटका बसवता येतो का? येतो, आणि बसवून दाखवलेला आहे. अमेरिकेतल्या प्युरिझम कंपनीने 'लिब्रेम ५' नावाचा फोन काढला, २०१९ पासून तो लोकांच्या हाती पडू लागला. त्याच्या कडेला तीन सरकते खटके आहेत. एक कॅमेरा आणि माइकचा, दुसरा वायफाय आणि ब्लूटूथचा, तिसरा मोबाइलच्या रेंजचा. खटका सरकवला की त्या त्या भागाचा पुरवठाच तुटतो. तिन्ही खटके पाडले तर उपग्रहावरून जागा ओळखणारे यंत्र आणि हालचाल टिपणारी उपकरणेही बंद होतात. दुसरा 'पाइनफोन', २०२० मध्ये विकायला आलेला. त्यात मागचे झाकण उघडले की सहा बारीक खटके, टाचणीने किंवा नखाने सरकवायचे. रेंजचा वेगळा, माइकचा वेगळा, पुढच्या आणि मागच्या कॅमेऱ्याचा वेगवेगळा. त्या कंपनीने फोनचा विजेचा नकाशाही सर्वांना खुला केला, म्हणजे कोणती तार कुठे तुटते हे जाणकाराला स्वतः पडताळता येते.

हा नकाशाचा मुद्दा लहान समजू नका. खटका दिसला म्हणजे तार तुटली असे नाही. कित्येक फोनच्या कडेला आवाज बंद करण्याचा सरकता खटका असतो. तो हाताला लागतो, टक् असा वाजतो, पण तोही कारभाऱ्याला नुसती खूण करतो. स्टार्टरचे लाल बटण कडेला आणून बसवले तर त्याची किटकॅट होत नाही.

हालचाल टिपणाऱ्या उपकरणांचे काय, असे कोणी विचारील. फोन आडवा केला की चित्र आडवे होते ते त्यांच्यामुळे. त्यांना परवानगीही फारशी कोणी मागत नाही. पण २०१४ मध्ये अमेरिकेच्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवले, की त्यांतले एक उपकरण बोलण्याने उठणारी थरथर पकडते आणि त्यातून काही शब्द ओळखता येतात. माइकचा खटका पाडला आणि हे उपकरण चालू राहिले, तर दार लावून खिडकी उघडी ठेवल्यासारखे होईल. म्हणून तिन्ही खटके पाडल्यावर तेही बंद होण्याला अर्थ आहे.

हे फोन आपल्या गावच्या दुकानात मिळत नाहीत, लिब्रेमची किंमत आपल्याला झेपणारी नाही आणि आपली सरकारी ॲप त्यांवर नीट चालतील याची हमी नाही. म्हणून ते घ्या असे आम्ही सांगत नाही. पण 'असे करताच येत नाही' हे उत्तर आता कोणी देऊ नये. ॲपल कंपनीने २०१८ पासून आपल्या लॅपटॉपांत झाकण मिटले की माइकची तार तुटावी अशी योजना केली आहे. जे हजारो डॉलरच्या यंत्रात होते ते आठ हजारांच्या फोनमध्ये का होऊ नये? खटका ही काही सोन्याची वस्तू नाही.

आणि खरे सांगायचे तर हा खटका आपल्याकडे होता! जुन्या बटणाच्या फोनचे झाकण नखाने निघायचे, बॅटरी हातात यायची. बॅटरी काढली की फोन म्हणजे नुसते ढेकूळ. त्याहून मोठी किटकॅट कोणती? मग फोन पातळ आणि दिसायला देखणे करण्याच्या नावाखाली बॅटरी आत चिकटवून टाकली आणि आपल्याला कोणी विचारलेही नाही. आता तर काही महागडे फोन 'बंद' केल्यावरही आपली जागा कळवत राहतात. आयफोनमध्ये २०२१ पासून ही सोय आहे, चोरीला गेलेला फोन सापडावा म्हणून. हेतू चांगलाच आहे. पण मग 'बंद' या शब्दाचा अर्थ काय उरला?

खटक्याने काय होत नाही हेही सांगितले पाहिजे, नाहीतर आम्ही खताची पोती विकणाऱ्यांच्या पंक्तीला बसू. तुम्ही फोन केलात की कोणी कोणाला, केव्हा, किती वेळ आणि कोणत्या टॉवरवरून फोन केला याची नोंद कंपनीकडे होते. डिसेंबर २०२१ मधल्या सरकारी बदलानंतर ही नोंद किमान दोन वर्षे ठेवावी लागते. बोलणे ऐकायचे झाले तर ते कंपनीच्या यंत्रावरच ऐकले जाते, तुमच्या फोनला हात लावावा लागत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये त्याला काही नियम घालून दिले. नियम असून काय होते याची चर्चा महाराष्ट्राने ऐकलेली आहे. पुढाऱ्यांचे फोन ऐकल्याच्या आरोपावरून २०२२ मध्ये पुणे आणि मुंबईत गुन्हे नोंदले गेले, २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने ते रद्द केले. खरेखोटे न्यायालय जाणे. पण त्या भानगडीत फोनच्या कडेचा खटका कोणाच्याही कामाचा नव्हता. तिथे कायद्याचीच किटकॅट लागते.

रेंजच्या खटक्याचा उपयोग मात्र प्रवासात कळतो. आमच्या गाड्या बोरघाट उतरल्या तेव्हा खिशातला फोन कोणाशी बोलत नव्हता. तरी खोपोलीला एका टॉवरला, चौकला दुसऱ्याला, लोधिवलीला तिसऱ्याला तो हजेरी देत चाललेला. मोर्चाच्या गाड्या कुठे पोचल्या हे कळायला बातमीदाराची गरज नाही. विमानाचे चिन्ह दाबले तर ही हजेरी थांबते, पण तेही कारभाऱ्याच्या शब्दावर. रेंजचे यंत्र म्हणजे फोनच्या आत बसलेला दुसरा छोटा संगणकच असतो, त्याचा प्रोग्रॅम वेगळा, त्यात काय चालले आहे ते आपल्याला दिसत नाही. त्याची वीज तोडली तरच हजेरी थांबल्याची खात्री. त्याची किंमतही आहे. तेवढा वेळ घरचा फोन येणार नाही.

कोणी म्हणेल, मग फोन फेकूनच द्या. नाही. त्याच खालापूर तालुक्यात, लोधिवलीहून फार लांब नाही, १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या उतारावर इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह सापडले, ५७ माणसे बेपत्ताच राहिली. गाडीरस्ता नसलेल्या वाडीला अशा रात्री खाली खबर पोचवायला काय लागते ते ज्याने पाहिले, तो फोन फेका म्हणणार नाही. जिथे रेंज नाही तिथे रेंज मागितली पाहिजे. आपली मागणी फोन नको अशी नाहीच. आपल्याला हवा तेव्हा तो पुरता चालू असावा आणि नको तेव्हा पुरता बंद असावा. पीक पाहणीला कॅमेरा चालू, लोकेशन चालू. फोटो गेला, काम झाले, खटका पाडला. यात सरकारचेही काही बिघडत नाही.

सरकारला खटक्याचे महत्त्व कळत नाही असे मात्र समजू नका. जानेवारी २०२१ च्या अखेरीस दिल्लीच्या वेशीवर सिंघू, टिकरी, गाझीपूरला शेतकरी बसले होते, तेव्हा तिथले इंटरनेट बंद करण्यात आले. एका हुकमासरशी, एका फटक्यात. २८ नोव्हेंबर २०२५ ला दूरसंचार खात्याने फर्मान काढले की प्रत्येक नव्या फोनमध्ये 'संचार साथी' हे ॲप आधीच घातलेले असावे आणि ते बंद पाडता येऊ नये. फसवणूक आणि चोरी थांबवण्यासाठी, असे कारण दिले. ओरड झाली आणि ३ डिसेंबरला सक्ती मागे घेतली. म्हणजे बोलणे बंद पाडण्याचा खटका त्यांच्या हातात, ॲप बंद न होण्याची सोयही त्यांच्याच हातात हवी. आपल्या हातात काय? पडद्यावरचे चित्र.

२०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. हक्क कागदावर मिळाला, त्याचा खटका कोणी बसवला नाही. म्हणून जिल्हा बैठकीपुढे आम्ही पुढील ठराव मांडणार आहोत. भारतात विकल्या जाणाऱ्या, निदान सरकारी पैशाने वाटल्या जाणाऱ्या प्रत्येक फोनला माइक-कॅमेऱ्याचा आणि रेंजचा तार तोडणारा खटका असावा आणि तो कसा तोडतो याचा नकाशा जाहीर असावा. बॅटरी मालकाला स्वतः काढता आली पाहिजे. युरोपने २०२३ च्या कायद्यात, काही सवलती ठेवून का होईना, १८ फेब्रुवारी २०२७ पासून हे बंधन घातले आहे. तिकडे जमते तर इकडेही जमेल. आणि तिसरी गोष्ट आमच्या मते सर्वांत निकडीची. ज्याच्याकडे स्मार्टफोन नाही, किंवा ज्याने ॲपला संपर्क, माइक, लोकेशन नाकारले, त्याचा कापूस, त्याची ज्वारी, त्याची नुकसानभरपाई कोणत्याही खिडकीवर अडता कामा नये. बाजार समितीत आणि तलाठ्याकडे कागदावर नोंद करण्याची वाट खुली राहिली पाहिजे. अडवणूक राहिली तर खटका असूनही शेतकरी तो कधी पाडूच शकणार नाही.

ठराव मंजूर होऊन दिल्लीला पोचेपर्यंत जे हातात आहे ते करावे. फोनच्या सेटिंगमध्ये 'परवानग्या' हे पान आहे, घरातल्या शिकणाऱ्या मुलीला शेजारी बसवून ते एकदा वाचा. हवामानाच्या ॲपला तुमचे संपर्क कशाला हवेत, विजेरीच्या ॲपला माइक कशाला हवा? काढून टाका. पुढच्या कॅमेऱ्यावर वायरमनची काळी चिकटपट्टी चार आण्याएवढी लावा. फेसबुकच्या मालकाच्या लॅपटॉपवर अशी पट्टी २०१६ मधल्या एका छायाचित्रात सगळ्या जगाने पाहिली आहे, तेव्हा लाजायचे कारण नाही. माइकला मात्र पट्टी पुरत नाही, त्याला अंतर हाच उपाय.

म्हणून या वेळच्या जिल्हा बैठकीला दाराशी एक टोपले ठेवलेले असेल. आंदोलनाची तारीख आणि ठिकाण ठरवण्याच्या बोलण्याआधी सर्वांनी, आमच्यासकट, आपले फोन त्यात ठेवायचे आणि टोपले दोन खोल्या पलीकडे जाईल. घरी कोणी आजारी असेल, बाळंतपण असेल, त्यांनी दाराशी बसणाऱ्या कार्यकर्त्याचा नंबर घरी देऊन यावे. त्याच्याजवळ जुना बटणाचा फोन असेल, निरोप आला की तो आत येऊन सांगेल. तो फोन झाकण उघडून बॅटरी निघते की नाही हे पाहूनच घेतला आहे.